मधुमेह उलटवायचा की औषधांनी आटोक्यात ठेवायचा?

हा प्रश्न फक्त टाइप २ मधुमेह असलेल्यांनी स्वतःला विचारायचा आहे. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तिथे कुठल्याही आहाराने इन्सुलिन सुटत नाही, आणि सोडलं तर थोड्याच दिवसांत जिवावर बेततं. मोठ्या वयात सुरू झालेला टाइप १ सुरुवातीला टाइप २ समजला जातो, असंही घडतं. म्हणून अंगकाठी बारीक असेल, वजन आपोआप घटत असेल आणि शुगर भराभर चढत असेल, तर आहाराचे प्रयोग करण्याआधी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी) आणि अँटिबॉडी (रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला ओळखणारी) या रक्ततपासण्या करून घ्याव्यात.

आता टाइप २ कडे येऊ. मधुमेह गेला असं कधी म्हणायचं, याची मोजपट्टी २०२१ साली अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संघटनांनी एकत्र बसून ठरवली. शुगरची सगळी औषधं बंद करून किमान ३ महिने उलटल्यावरही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर ते रिमिशन. गोळ्या चालू असताना ६.२ आलं तर तेही उत्तमच, पण ते नियंत्रण. जाहिरातींमध्ये या दोन्ही गोष्टी बेमालूम एक केल्या जातात. कुणी टक्केवारी दाखवली की औषधं कधी थांबवली होती, हे आधी विचारावं.

पहिला रस्ता झटपट, मोठ्या वजनघटीचा. त्याच्यामागचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत मधुमेहाला ६ वर्षांहून कमी काळ झालेले आणि इन्सुलिनवर नसलेले लोक घेतले होते. ३ ते ५ महिने नेहमीचं जेवण पूर्ण बंद, त्याऐवजी दिवसाला साधारण ८५० कॅलरीचं सूप किंवा शेक, मग टप्प्याटप्प्याने साधं जेवण. वर्षअखेर यातले ४६ टक्के लोक रिमिशनमध्ये होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातले ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. ५ ते १० किलो उतरलेल्यांत ३४ टक्के. खरी करामत सूपची नाही, उतरलेल्या किलोंची आहे.

असं का होतं, त्याचं टेलर यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. यकृतात चरबी साठली की यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि रक्तात साखर सोडत राहतं. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात पोचली की इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मंदावतात. वजन पुरेसं घटलं की यकृतातली चरबी आधी निघते. २०११ च्या त्यांच्या एका छोट्या अभ्यासात ११ जणांची उपाशीपोटीची शुगर आठवड्याभरातच उतरली होती. बीटा पेशी सावरायला मात्र काही आठवडे लागतात, आणि आजार जितका जुना तितक्या त्या सावरण्याची शक्यता कमी. काठावरचं वजन असलेल्यांनाही यातून मार्ग निघतो, कारण किती चरबी सोसते याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. ‘मी तर जाड नाही’ हे म्हणूनच पुरेसं उत्तर नाही.

पण ‘डायरेक्ट’ चाचणी पुढेही वाचली पाहिजे. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ टक्के झाले. पाचव्या वर्षापर्यंत पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी जेमतेम १३ टक्के रिमिशनमध्ये उरले होते. बहुतेकांचं वजन थोडंथोडं परत आलं आणि शुगरही मागोमाग आली.

दुसरा रस्ता पिष्टमय पदार्थ आणि साखर कमी करण्याचा. यात पोट रिकामं राहत नाही, म्हणून अनेकांना तो सोपा वाटतो, आणि जेवणानंतरची शुगर लगेच खाली आलेली दिसते. २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ६ महिन्यांपर्यंत त्याची सरशी दिसली. १२ महिन्यांपर्यंत ती बरीचशी विरली. मीटरवरचा आकडा उतरला म्हणून आजार उलटला असं नव्हे. साखर आत येतच नाही तेव्हा आकडा खाली दिसणारच. वजनही उतरत असेल तरच हा रस्ता लांब जातो.

तिसरा रस्ता सावकाश: थोडं कमी खाणं, रोज चालणं. मोठ्या अमेरिकी चाचणीत, ‘लुक अहेड’मध्ये, ५ हजारांहून जास्त लोक होते. तिथे पहिल्या वर्षी ११.५ टक्के आणि चौथ्या वर्षी ७.३ टक्के लोक रिमिशनमध्ये होते, तर तुलनेच्या गटात २ टक्के. आकडे बारीक आहेत. नुसत्या व्यायामाने तर मधुमेह फार क्वचित उलटतो. तरी व्यायामाला दुय्यम मानू नये: काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो, आणि घटवलेलं वजन टिकवण्यात व्यायामाचाच हात मोठा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी तर हाच रस्ता पहिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढ्या उद्दिष्टाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

चौथा रस्ता औषधांचा. त्यात कमीपणा काहीच नाही. आजार १०-१५ वर्षांचा असेल, इन्सुलिन सुरू असेल, तर रिमिशनच्या मागे धावण्यापेक्षा एचबीए१सी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही ताब्यात ठेवण्यात जास्त हित आहे. काही नव्या गोळ्या हृदय आणि किडनीचंही रक्षण करतात. केवळ ‘औषधमुक्त’ म्हणवून घेण्यासाठी त्या सोडणं मला शहाणपणाचं वाटत नाही. वजन फारच जास्त असेल तर शस्त्रक्रिया किंवा वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड-टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं हेही पर्याय आहेत, मात्र इंजेक्शन थांबलं की वजन बहुधा परत येतं.

माझा कौल असा: आजार नवा असेल, वजन उतरवायला वाव असेल आणि पुढची दोन वर्षं कुणीतरी लक्ष ठेवणारं असेल, तर पहिला रस्ता धरावा, आणि लवकर धरावा. पुरेसा आधार मिळणार नसेल, तर दुसरा आणि तिसरा मिळून जो आहार दुसऱ्या वर्षीही खाववेल तो निवडावा. खाण्याच्या विकारांचा इतिहास असेल किंवा गरोदरपण असेल, तर ८५० कॅलरीचा विचारही नको.

सुरुवात मात्र डॉक्टरांना सांगूनच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तशीच चालू ठेवून खाणं घटवलं तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत पडते. दापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेत असताना पिष्टमय पदार्थ अगदी तोडले, तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्तदाबाची औषधंही कमी करावी लागतात, नाहीतर उठताना चक्कर येते. शुगर झपाट्याने उतरताना डोळ्यांच्या पडद्याचा जुना त्रास काही वेळा बळावतो, म्हणून आधी तो तपासून घ्यावा. आणि रिमिशन मिळालं तरी एचबीए१सी, डोळे, किडनी आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा चालूच राहते.