खाजेला हायड्रोकॉर्टिसोन की क्लोबेटासोल?

कापूस वेचून हात खाजतात, मेडिकलवर स्टेरॉइड मलमांच्या दोन ट्यूब समोर येतात. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर ०.०५ टक्के क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटातले. क्लोबेटासोलने आराम लवकर पडतो, म्हणूनच ते जास्त वापरले जाते. चेहऱ्यावर, जांघेत त्याने कातडी पातळ होते, चट्टे पडतात.

मात्रा दोन्हींची सारखीच: बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

जळगाव-धुळ्याच्या घामात होणाऱ्या गजकर्णावर दोन्ही नकोत! लाली दबते, बुरशी पसरते.

चेहऱ्यावरच्या साध्या इसबाला हायड्रोकॉर्टिसोन, तेही आठवडाभरच. तळहात-तळपायाच्या जाड, भेगाळ इसबाला क्लोबेटासोल. डॉक्टरांनी दिले तरच, जास्तीत जास्त दोन आठवडे.