नरारा बघायला गाडी सोलापुरातून की जामनगरातून?

कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. त्यातल्या, जामनगरकडच्या नराऱ्याला ओहोटीत गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळ, खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपसही बघता येतो. होडी लागत नाही.

सोलापुरातूनच गाडी ठरवली तर अंतर एका बाजूने हजाराच्या वर. किलोमीटरचा दर, रोजचं किमान रनिंग (गाडी कमी धावली तरी तेवढ्या किलोमीटरचे पैसे), टोल, ड्रायव्हर भत्ता, वर गुजरातचा टॅक्स. दोन दिवस नुसते रस्त्यात जातात. सुख एवढंच, की कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर उघडता येतो आणि आजी-आजोबांना सामान घेऊन प्लॅटफॉर्म बदलावा लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सोलापूरवरून जाणाऱ्या रेल्वेने थेट राजकोट आणि पुढे तिथलीच भाड्याची गाडी. रेल्वे रोज नाही, तेव्हा आधी वार बघा. राजकोट ते जामनगर साधारण ९० किलोमीटर.

खरी गंमत वेळेची आहे. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं. तिथला ड्रायव्हर तिथी विचारूनच निघायची वेळ सांगतो. आपला सोलापूरचा गडी गाडी झकास हाणेल, पण उजनीपलीकडचं पाणी त्याला कुठलं माहीत!

सहा-सात जण आणि सोबत द्वारका-सोमनाथ असेल तर सोलापूरचीच गाडी परवडते. नुसता नरारा असेल तर मी रेल्वेच धरेन. जुने बूट मात्र दोन्हीकडे हवेतच; खडक निसरडे असतात.