नाशिकचा वरचा मजला: चुना, शेडनेट, कूलर की एसी?

एप्रिलमधल्या एखाद्या रात्री दहा वाजता स्टुलावर चढा आणि छताला तळहात लावून बघा. मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. छत जास्त गरम लागलं तर घर गच्चीतून तापतंय. भिंत जास्त गरम लागली तर गच्चीवर कितीही पांढरा रंग ओता, फरक नावापुरताच पडेल. दुकानात जाण्याआधी एवढं एक मिनिट खर्च केलं तर पुढचे बरेच पैसे वाचतात.

रात्री दहाच का? चार-पाच इंची स्लॅब आणि त्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा दुपारभर ऊन पितो आणि ते खाली झिरपायला पाच-सात तास घेतो. त्यामुळे बाहेर वारा गार झालेला असतो आणि झोपायच्या वेळी खोलीची भट्टी झालेली असते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत जाड भिंती आणि मातीचं माळद ही झळ दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. फ्लॅटच्या स्लॅबला ते जमत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते आणि रात्री बहुतेक वेळा बावीस-चोवीसपर्यंत उतार मिळतो. मुंबईच्या नातेवाइकांचा ‘एसीच घेऊन टाका’ हा सल्ला मुंबईपुरता बरोबर आहे. तिथे दमटपणामुळे कूलर चालतच नाही. इथला कोरडेपणा आणि रात्रीचा गारवा फुकट मिळतो. तो वापरून झाल्यावर जे उरेल, त्यापुरतं यंत्र घ्यावं, असं आमचं मत आहे. खाली तुलना लिटर आणि युनिटमध्ये दिली आहे, कारण रुपयांचे भाव दर हंगामाला बदलतात.

गच्चीसाठी: चुना की तयार रंग

सिमेंटची करडी गच्ची उन्हाचा जेमतेम पाव ते तीसएक टक्के भाग परत फेकते. ताजा पांढरा थर ऐंशी टक्क्यांच्या आसपास फेकतो. भर दुपारी साठीला पोचलेला पृष्ठभाग पांढरा केल्यावर पंचेचाळीसच्या आसपास राहतो आणि खालच्या खोलीत दोन ते चार-पाच अंशांचा फरक पडतो. धुळीने ही ऐंशी टक्क्यांची चमक साठवर येते, म्हणून एप्रिलच्या मध्याला एकदा गच्ची धुवावीच लागते.

चुना सगळ्यात स्वस्त. ५०० चौरस फूट गच्चीला दोन हातांसाठी १० किलो कळीचा चुना पुरतो. पत्र्याच्या ड्रममध्ये ५० लिटर पाणी घ्या आणि चुना त्यात थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो, उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. पातळ प्लास्टिकची बादली या उष्णतेने वाकडी होते. २४ तास भिजू द्या, जुन्या सुती साडीतून गाळा, आणि गरम पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम डिंक मिसळा.

आता चुकतं कुठे ते बघा. लोक दुपारी, तापलेल्या कोरड्या गच्चीवर कुंचा फिरवतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. गरम स्लॅबवर पाणी दहा मिनिटांत उडतं, चुना घट्ट न होता नुसता वाळतो आणि आठवड्याभरात पायाला भुकटी लागून घरभर पांढरे ठसे उमटतात. म्हणून संध्याकाळी पाचनंतर, आधी गच्ची ओली करून पहिला हात ताकासारखा पातळ द्या. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा, आणि पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडा. एवढं केलं तर पावसाळ्यापर्यंत टिकतो. पावसाने मात्र तो धुऊन जाणारच, म्हणजे हे काम दरवर्षी आलं. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्या.

तयार लवचिक पांढरा कोट तीन ते पाच वर्षं जातो आणि बारीक भेगाही झाकतो. खरबरीत कोब्यावर दोन हातांना मिळून एका लिटरमध्ये १५ ते २० चौरस फूटच होतात, म्हणजे ५०० फुटांना २५ ते ३३ लिटर. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं, त्यावर हिशोब करू नका. डब्यावर ‘एसआरआय’चा, म्हणजे ऊन परत फेकून गार राहण्याच्या क्षमतेचा आकडा शोधा (ही टक्केवारी नाही), चांगल्या पांढऱ्या कोटाचा तो शंभरच्या आसपास असतो. आकडाच छापलेला नसेल तर तो साधा बाहेरच्या भिंतीचा रंग समजा. असा रंग गच्चीवर एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो.

या कोटचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे फुगे. स्लॅबमध्ये ओल असताना रंग दिला तर वाफ वर येते आणि रंगाला उचलते. परीक्षा सोपी आहे. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्चीला चिकटवा आणि सकाळी बघा. खाली थेंब दिसले तर आधी गळती, वाटा (गच्ची आणि कठडा जुळतात तिथली सिमेंटची गोलाई) आणि पाण्याचा उतार नीट करून घ्या. सोलर वॉटर हीटरच्या टाकीखालची जागा बहुतेक गच्च्यांवर अशीच ओली सापडते.

ज्यांच्या गच्चीवर चायना चिप्स, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवलेले आहेत त्यांनी यातलं काहीच विकत घेऊ नये. ती गच्ची मुळात पांढरीच आहे, फक्त मळलेली. खराटा आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा. ॲसिड नको, ते चिप्समधलं सिमेंट खातं आणि मग गळती सुरू होते.

सिडकोतल्या वाढवलेल्या खोल्या आणि सातपूर-अंबडकडची पत्र्याची घरं यांचं गणित निराळं आहे. पत्रा ऊन धरून ठेवत नाही, थेट खाली टाकतो, त्यामुळे पांढरा रंग दिला की त्याच दुपारी फरक जाणवतो. पण तिथे चुना नको. चुना पत्र्याला धरत नाही आणि वरचा जस्ताचा थर खराब करतो. आधी धातूचा प्रायमर, मग पांढरा कोट.

पांढऱ्या गच्चीचे दोन तोटे कोणी सांगत नाही: दुपारी वर गेलं की डोळे दिपतात, आणि चुन्यावर पापड-कुरडया वाळत घालता येत नाहीत. वाळवणासाठी एक कोपरा तसाच सोडावा.

शेडनेट कुठे?

द्राक्षपट्ट्यामुळे नाशिकमध्ये शेडनेट कृषी साहित्याच्या दुकानात सहज मिळते, ५०, ७५, ९० टक्के सावलीची. मात्र गच्चीवर ती नुसती अंथरली तर उपयोग थोडाच होतो, कारण जाळी तापते आणि खालच्या स्लॅबला चटका देत राहते. मधून वारा खेळायला हवा, म्हणजे किमान सात फूट उंची आली, पाइप आले आणि वळवाचा वारा आला. मेअखेरच्या वादळात ५०० फुटांची जाळी म्हणजे होडीचं शीडच. पाइप स्लॅबला भोक पाडून बसवले तर वॉटरप्रूफिंग गेलं. काँक्रीट भरलेल्या बादल्यांत उभे केले तर जाळी पाइपांना सुतळीने बांधावी, म्हणजे वादळात आधी सुतळी तुटेल, पाइप शेजाऱ्यांच्या गाडीवर जाणार नाही.

गच्चीपुरती तुलना केली तर रंग जिंकतो. शेडनेटची खरी जागा पश्चिमेची भिंत आणि खिडकी आहे. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून ७५ टक्क्यांची जाळी बाहेरून टांगा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, बाहेरची जाळी ते येण्याआधीच अडवते. सुरुवातीच्या तळहाताच्या परीक्षेत ज्यांची भिंत गरम निघाली, त्यांनी पहिला खर्च इथेच करावा.

कूलर की एसी

इथे आकडे बोलतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे ०.६७ युनिट एवढी उष्णता हवेतून शोषली जाते. कूलरचं सगळं तंत्र एवढंच. बाहेर ४० अंश आणि दमटपणा २० टक्के असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. ३५ अंश आणि ६० टक्के झाले की तोच कूलर तिशीच्या खाली फारसा उतरत नाही आणि अंग चिकट करतो. म्हणून नाशिकमध्ये कूलरचा हंगाम मार्च ते जूनचा पहिला आठवडा. त्यानंतर तो बंद केलेलाच बरा.

पंखा आणि पंप मिळून २०० वॉटचा कूलर आठ तासांत १.६ युनिट घेतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी मे महिन्यात तेवढ्याच वेळात सहा ते आठ युनिट खातो. महिन्याचे कूलरचे ५० युनिटही होत नाहीत, एसीचे दोनशेच्या आसपास होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो. एसीवाली घरं मे महिन्यात हमखास वरच्या टप्प्यात जातात आणि वरचे युनिट महाग पडतात. वीज एकलहऱ्याची असो वा चंद्रपूरची, तिच्यात मोठा वाटा कोळशाचा आहे. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर महिन्याला कूलरचे पस्तीस किलो, एसीचे एकशे चाळीस.

पण कूलर पाणी पितो, हे कूलरप्रेमी सोयीने विसरतात. कोरड्या दुपारी मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर उडवतो. आठ तासांत चार-पाच बादल्या. नळाला एकच वेळ पाणी येत असेल किंवा टँकर मागवावा लागत असेल, तर हा आकडा आधी बघा. बोअरचं पाणी वापरलं तर पॅडवर क्षारांची पांढरी साय धरते आणि हवा कोंडते. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाकल्याशिवाय हा त्रास थांबत नाही.

‘कूलरने काही होत नाही’ म्हणणाऱ्या दहा घरांपैकी आठ घरांत खिडक्या बंद असतात. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरची खिडकी दोन-तीन चौरस फूट उघडी हवी. नाहीतर खोलीत दमट हवा साचते आणि अर्ध्या तासात गारवा संपतो. कूलर खोलीच्या मधोमध ठेवून खोलीतलीच हवा फिरवणं हा त्याच चुकीचा भाऊ. कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत बसवा. १२ बाय १० च्या खोलीला तासाला हजार घनमीटर हवा पुरते, पण खोक्यावरचे आकडे फुगवलेले असतात, दोन हजार लिहिलेला घ्या.

दोन गोष्टींत हयगय नको. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. पाणी, पत्रा आणि ओले हात एकत्र आले की शॉकने जीव जातो. दुसरं म्हणजे डास. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, आणि अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी ठेवावी लागते.

एसी कुणासाठी मग? घरात तान्हं बाळ, हृदयाचा किंवा दम्याचा रुग्ण, सत्तरीपुढचं माणूस असेल तर आम्ही एसीच सांगू. ज्या खोलीला आरपार वाऱ्याची वाटच नाही, तिथेही. पण गच्ची पांढरी करून घेतली असेल तर १२०-१३० फुटांच्या खोलीला ‘वरचा मजला आहे, दीड टन लागेल’ हे ऐकू नका, एक टनात भागतं. जानेवारी २०२० पासून नव्या एसीची सुरुवातीची सेटिंग २४ अंश असते. ती २६ करा आणि पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने दर अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते.

एसीतल्या गॅसकडे मात्र बारकाईने बघा. आर-४१० ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक उष्णता धरतो, आर-३२ सुमारे ६७५ पट, आर-२९० अगदी नगण्य. आर-३२ वाल्या एसीतला ८०० ग्रॅम गॅस गळून गेला तर ते सुमारे ७५० युनिट वीज जाळल्यासारखं आहे. बसवणारा माणूस पाइपमधली हवा काढायला व्हॅक्युम पंप न लावता थोडा गॅसच सोडून देत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. पंप लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचा कंटाळा, एवढंच कारण असतं. आणि ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे खोटं आहे. गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. बहुतेकदा पितळी नटाच्या जोडावर. साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. गळती न शोधता गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

सोलर लावणार असाल तर एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. शिवाय खालच्या स्लॅबला सावली होते ती वेगळी. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजा. उलटं केलं तर छत तापतं ते तापतंच.

सोसायटी, भाडं आणि वेळ

सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते, चटका मात्र एका मजल्याला बसतो, त्यामुळे ‘गारव्यासाठी रंग’ हा विषय सभेत पडतो. ‘वॉटरप्रूफिंग’ म्हणून मांडा. गळती रोखायचं काम कधीतरी करावंच लागणार असतं. त्याचा वरचा थर पांढरा मागायचा, एवढंच.

भाडेकरूंनी चुना, खिडकीबाहेरची जाळी आणि कूलर यांवर थांबावं. चुना पावसाने जातो, बाकीचं सामान टेम्पोत जातं. आणि खिडक्यांची वेळ सगळ्यांनीच पाळावी: सकाळी आठला बंद, पडदे ओढलेले, रात्री नऊनंतर सताड उघड्या, एका खिडकीत बाहेर तोंड केलेला टेबलफॅन. तापलेली हवा तो तासाभरात बाहेर काढतो.

भारतात फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. म्हणजे होळीनंतर बघू, हा जुना हिशोब आता उशिराचा आहे. गच्चीचं काम फेब्रुवारीतच उरका. तेव्हा स्लॅब कोरडा असतो, ऊन रंग भाजत नाही आणि रंगारीही फोन उचलतात.