होडी दुरुस्तीसाठी १५० मिलिमीटरचा सँडर : हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांची आणि उरल्यासुरल्या लाकडी होड्यांची डागडुजी करणे हा आमचा व्यवसाय आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी आणि पावसाळ्यात थांबणारी सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक, यांमुळे वर्षाचे बहुतेक घासकाम मेअखेर ते ऑगस्ट एवढ्या काळात कोंबून करावे लागते. त्यासाठी यंदा जानेवारीत १५० मिलिमीटर पॅडचा (पॅड म्हणजे घासायचा पेपर लावण्याची चकती), ५ मिलिमीटर ऑर्बिटचा, विजेवर चालणारा रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे पेपर फिरवून घासणारे यंत्र, घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि त्या एकाच यंत्राच्या अनुभवावरून केलेल्या आहेत.

दुकानात गेल्यावर विक्रेता पहिल्यांदा वॅट सांगतो. वॅट महत्त्वाचे आहेतच, पण होडीच्या कामात त्यांच्याआधी ऑर्बिट विचारावा, म्हणजे पॅड फिरताना किती मिलिमीटर व्यासाचा गोल काढत सरकतो ते विचारावे. सुतारांकडे सर्रास दिसणारे १२५ मिलिमीटरचे सँडर बहुधा अडीच-तीन मिलिमीटर ऑर्बिटचे असतात; ते दरवाजाला किंवा टेबलाला उत्तम काम देतात, परंतु वीस-पंचवीस फुटी होडीच्या कुशीवर (बाजूवर) भरलेली पुट्टी त्यांनी उतरवायची म्हटली तर दिवस मावळतो आणि पेपरही फुकट जातो. ५ मिलिमीटरचा ऑर्बिट तेच काम अर्ध्याहून कमी वेळात करतो, मात्र त्याचे ओरखडेही तितकेच ठळक उठतात. तेव्हा एकच यंत्र घ्यायचे असेल तर माझा कौल ५ मिलिमीटरला आहे. शेवटचा हात हाताने मारता येतो, पण भरलेली पुट्टी उतरवायला हात पुरत नाही.

या जातीच्या यंत्राची एक खोड आधी समजून घ्यावी लागते. पॅडला दोन गती असतात : एक मोटरने दिलेली, आणि दुसरी बेअरिंगवर आपोआप होणारी मोकळी गिरकी. वरून जोर दिला की ही मोकळी गिरकी थांबते, पॅड जागच्या जागी नुसता थरथरतो, कापणे मंदावते आणि पेपर तापतो. आमच्याकडच्या मुलांना हे तोंडी सांगून पटेना, म्हणून पॅडच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवली आहे. रेघ फिरताना दिसत राहिली तर हात बरोबर आहे, स्थिर दिसली तर जोर जास्त आहे. जोर देऊन कडेने घासण्याच्या सवयीमुळे पहिला पॅड जूनमध्येच गेला. वेल्क्रोचे बारीक आकडे नायलॉनचे असल्यामुळे ते उष्णतेने वितळून गुळगुळीत झाले आणि पेपर चालू यंत्रातून उडू लागले.

काम कसे झाले याविषयी. पुट्टीवर आधी ८० नंबरचा पेपर (नंबर वाढेल तसा पेपर बारीक), मग १२० आणि प्रायमरवर १८० हा क्रम मला पुरेसा वाटला. नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, गोलाईवर पॅड आणि पेपर यांच्यामध्ये फोमचा मऊ पॅड लावला की यंत्र वळणाशी जुळवून घेते, परंतु सपाट कुशीवर हाच फोम घातक ठरतो, कारण तो खळग्यात शिरून खळगा तसाच ठेवतो. लांब पृष्ठभाग एकसारखा करायचा असेल तर दोन हातांनी धरायची लांब पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला पेपर यांना अजून पर्याय नाही. सहा इंचांची चकती सहा इंचांपुरतेच सपाट करते. तीन फुटांवरची लाट तिला कळतच नाही.

गडद निळ्या रंगाच्या एका होडीवर प्रायमर घासून झाल्यावर विजेरी तिरपी धरून पाहिले, तेव्हा जागोजागी शेपटीसारखे वळलेले बारीक ओरखडे दिसले. पेपरखाली अडकलेला एखादा खडा किंवा पुट्टीची कपची असे ओरखडे पाडते आणि चकचकीत रंगाखाली ते अधिकच उठून दिसतात. दर थोड्या वेळाने पेपर काढून झटकणे, यंत्र पृष्ठभागावर टेकवूनच सुरू करणे आणि हात सावकाश सरकवणे, एवढे केल्यावर त्यांचे प्रमाण पुष्कळच कमी झाले. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या होडीच्या सर्वांत बाहेरच्या चकचकीत थरावर, मात्र हे यंत्र बेताने वापरावे. जेलकोटचा थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो. ८० नंबरच्या पेपरखाली तो कधी संपला आणि आतली मॅट (काचतंतूंचा थर) कधी दिसू लागली हे लक्षातही येत नाही.

भेग किंवा भोक दुरुस्त करताना मात्र ग्राइंडरच लागतो. पाच मिलिमीटर जाडीच्या फायबरला भोक पडले असेल तर त्याच्या भोवताली सर्व बाजूंनी सुमारे साठ मिलिमीटरपर्यंत उतार काढावा लागतो, म्हणजे जाडीच्या बारापट. तेव्हाच नव्या मॅटला धरायला पुरेशी जागा मिळते. हा उतार सँडरने काढणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. चार इंची ग्राइंडरला ४० नंबरची फ्लॅप डिस्क (पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून तो काही मिनिटांत निघतो. सँडर आणल्यावर ग्राइंडर विकून टाकता येईल, असा कोणाचा समज असेल तर त्याने तो सोडून द्यावा.

लाकडी होड्यांवर यंत्राने निराशा केली, पण दोष यंत्राचा नाही. वर्षानुवर्षे माशाचे तेल प्यायलेली फळी घासू लागले की उष्णतेने तेल वर येते, भुकटीत मिसळते आणि पेपरवर तपकिरी, चिकट थर बसतो. असा पेपर पाच मिनिटांत निकामी होतो. येथे आधी रापीने खरवडून, मग जाळीचा पेपर लावून घासणे परवडते, कारण जाळीत भुकटी कमी बसते. वर आलेले खिळे आधी ठोकून खाली बसवावेत. बेल्ट सँडर वापरून पाहण्याचा सल्ला अनेकजण देतात. जुन्या, थोड्या मऊ पडलेल्या फळीत तो क्षणात खड्डा पाडतो, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

पावसाळ्यातल्या दमट हवेचा एक परिणाम बऱ्याच जणांना यंत्राचा किंवा पेपरचा दोष वाटतो. इपॉक्सी (दुरुस्तीत वापरायचे एक रेझिन) दमट हवेत सुकले की त्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन मगच घासावे. पॉलिस्टर रेझिनच्या वरच्या थरात मेण घातलेले असेल तर ते पाण्याने जात नाही, त्याला अ‍ॅसिटोनचा बोळा लागतो. हे न करता थेट सँडर लावला तर पेपर भरतो आणि मेण सगळीकडे पसरते, ते वेगळेच.

धुळीचा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. यंत्रासोबत मिळणारी कापडी पिशवी फायबरच्या भुकटीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. जाड भुकटी ती धरते, पण फुप्फुसात जाणारी बारीक तिच्यातून आरपार निघते. सँडरच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी जोडल्यावर फरक लगेच जाणवला, खाज कमी झाली आणि पेपरही जास्त टिकले. अडचण एवढीच की यंत्राचे तोंड आणि आमच्याकडच्या व्हॅक्यूमची नळी यांचे माप जुळेना, तेव्हा शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप लावून भागवले. व्हॅक्यूम असला तरी मास्क हवाच. तळाच्या शेवाळरोधक रंगावर मात्र कोरडा सँडर कधीही चालवू नये. त्या रंगात तांब्याचे ऑक्साइड असते, आणि फार जुन्या थरांत त्याहून घातक असे टिनचे संयुग असू शकते, ज्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. तो थर पाणी मारून, हाताने, खाली ताडपत्री अंथरून काढावा.

आता तक्रारी. ऑगस्टमध्ये बटण अडखळू लागले. उघडून पाहिले तेव्हा आत फायबरची भुकटी आणि खारट ओल यांचा राखाडी लगदा झाला होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी यंत्राच्या खाचांतून कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा नेम ठेवला आहे. कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे ब्रश) एकदा बदलले, ते गावातच मिळाले. पॅड मात्र येथे मिळाला नाही. सेवा केंद्राने कोल्हापूरहून पाठवायला ऐन हंगामात तीन आठवडे लावले. यंत्र घेतानाच एक जादा पॅड आणि कार्बनची एक जोडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. दुसरा त्रास भोकांचा आहे : पॅडला जितकी भोके आणि ज्या मांडणीची, तितक्याच भोकांचे पेपर जवळच्या शहरात मिळतात का, हे यंत्राचे पैसे देण्याआधी पाहावे. भोके जुळली नाहीत तर धूळ ओढलीच जात नाही. जाळीच्या पेपरला ही अट नाही, म्हणून तो महाग असूनही आता मी तोच जास्त आणतो.

ओल्या वाळूवर उभे राहून विजेचे यंत्र चालवायचे असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय मी कोणालाही यंत्र देत नाही. वजन सव्वादोन किलोच्या आसपास आहे. उभ्या कुशीवर ते जाणवत नाही, होडीखाली आडवे होऊन काम करताना मात्र खांदा आणि मनगट दोन्ही बोलू लागतात, आणि सलग तासभर धरल्यावर बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी माणूस बदलावा.

शेजारच्या कारखान्यातला १८ व्होल्टच्या बॅटरीचा १२५ मिलिमीटरचा सँडरही काही दिवस वापरून पाहिला. जेटीवर बांधलेल्या होडीच्या कठड्याला लागलेला घासा काढायला तो सोयीचा आहे, वायर नाही आणि झटक्याची भीतीही नाही. पण पुट्टीवर बॅटरी फार लवकर उतरते, तेव्हा निदान तीन बॅटऱ्या आणि चार्जिंगची सोय असल्याखेरीज तो मुख्य यंत्र म्हणून घेऊ नये. स्वतःची एकच लहान होडी असलेल्याने मात्र विजेवरचा साधा १२५ मिलिमीटरचा घेतला तरी त्याचे काम होईल.