गिरवण्याची वही की गोष्टींची पुस्तकं?

जूनमध्ये बालवाडीचं सामान भरायचं म्हटलं की पैसे मोजकेच असतात. मग प्रत्येक मुलाला गिरवण्याची वही घ्यायची, की त्याच पैशांत वर्गासाठी चित्रपुस्तकं? सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या बालवाडीत मी दोन्ही वापरलंय.

वहीची बाजू लंगडी नाही. विड्या वळत बसलेल्या आईला 'आज काय शिकवलं?' याचं उत्तर भरलेल्या पानात मिळतं, ते कमी लेखू नये. नवीन ताईलाही वर्ग सांभाळणं सोपं जातं. पुस्तकाचं तसं नाही. वाचणारी कंटाळली की गोष्ट मेलीच. शिवाय पानं फाटतात.

माझं मन वहीवरून उडालं ते एका बारीक गोष्टीमुळे. मूल पहिली ओळ छापील अक्षर बघून काढतं. दुसरी मात्र स्वतःच्या पहिल्या ओळीवरून, तिसरी दुसरीवरून. पानाच्या तळाशी येईतो 'म'ची गाठ गायब आणि 'क'चा दांडा कलंडलेला. सराव होतो, पण बिघडलेल्या अक्षराचा! टेबलापाशी 'बाई, झालं!' म्हणत रांग लागते आणि मला दिसतं ते तयार अक्षर. खालून वर काढलं की वरून खाली, ते कळायचं कसं? थोड्या वेळाने बरोबरच्या खुणा हातातून आपोआप पडतात. एकाही मुलाशी धड बोलणं होत नाही.

पुस्तकाभोवती बोलणंच होतं. आमच्याकडे बऱ्याच घरांत तेलुगू, काहींत कन्नड. गोष्ट मराठीत चालते, मूल चित्रावर बोट ठेवून तेलुगूत सांगतं, मदतनीस ताई त्यात भर घालतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर कित्येक गोष्टी या तिन्ही भाषांत मोफत आहेत, छापूनही घेता येतात. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर तर पुस्तकही लागत नाही. मुलं सांगतात, मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक लिहिते: 'समर्थ पाळण्यात बसला आणि रडला.' समर्थला आपलं नाव लगेच सापडतं, मग सानिकाही त्यातला आपला 'स' शोधून काढते.

'पहिलीत मागे पडेल' ही पालकांची भीती खरी असते. पण निपुण भारत या केंद्र सरकारच्या 2021च्या पायाभूत साक्षरता अभियानात बालवाटिकेकडून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाकडून, अपेक्षा आहे ती अक्षरं व त्यांचे आवाज ओळखण्याची आणि दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचण्याची. नुसत्या गोष्टींनी तेवढं होईल असं मला वाटत नाही. आवाजांचे खेळ, वाळूत बोटाने अक्षर काढणं रोज हवंच. वाळूत निदान हात कसा फिरतो ते समोर दिसतं.

एकटी ताई आणि खच्चून भरलेला वर्ग असेल, तर वही अजिबात नको असं मी म्हणणार नाही. घेतलीत तर मोठ्या वयाच्या गटापुरती घ्या, आणि पहिल्या ओळीखाली रेघ मारून पान तिथेच थांबवा.