मागच्या चाकांत हवा की फोम?

क्रॉसकंट्री क्वाड रेसिंगची, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या गाड्यांच्या रानातल्या शर्यतींची तयारी करणारे बहुतेक जण इंजिनाबद्दल विचारतात. मी त्यांना आधी विचारतो, मागच्या टायरांत काय भरणार, हवा की हवेच्या जागी बसणारं फोमचं कडं?

अमेरिकेच्या पूर्वेकडची जीएनसीसी (ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री) मालिका असो की ओहायोतल्या छोट्या शर्यती, दीड-दोन तास झाडीतून, ओढ्यांतून, दगडांवरून गाडी पळवायची असते. एकेक फेरी काही मैलांची. पंक्चर झालं की पिटपर्यंत, म्हणजे दुरुस्तीच्या जागेपर्यंत पोचण्यातच निम्मी शर्यत जाते. मी दोन हंगाम हवेवर काढले, तिसरा फोमवर चालू आहे.

हवेची बाजू मुळीच लंगडी नाही. टायर हलका राहतो. चिखल असेल तर ४ पीएसआय, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्नोशूसारखा दगडांचा डोंगर असेल तर ६-७, असं ऐनवेळी ठरवता येतं. फक्त कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, मोटारीचा इतक्या खाली नीट दाखवत नाही. फोमचा मऊपणा मात्र घेतला तोच. वापरून तो आक्रसतो आणि हंगामाच्या शेवटी टायर आणखी मऊ वाटतो. वजन वाढतं, खिशालाही चांगलाच चटका बसतो.

तरी मी बदललं, ते रानात पंक्चर काढण्याच्या वैतागापायी. आपल्याकडे पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो, बुडबुडे दिसतात, भोक सापडतं. दक्षिण ओहायोतल्या एका शर्यतीत दुसऱ्या फेरीला माझा मागचा डावा टायर बसला, तेव्हा त्यावर बोटभर चिखल होता. हातमोजे काढले, तळहातानं चिखल निपटला, कान लावून फुसफुस ऐकायला गेलो, तर शेजारून जाणाऱ्या गाड्यांपुढे काही ऐकू येईना. शेवटी थुंकी लावत लावत बुडबुडा सापडला. सुईत चिकट दोरी ओवून खुपसली, गॅसची दोन काडतुसं रिकामी केली, आणि मैलभरात टायर पुन्हा बसला. दुसरं भोक टायरच्या कुशीत होतं, कापलेल्या झुडपाच्या खुंटानं पाडलेलं. तिथे दोरी धरत नाही. फिटनेससाठी अख्खा हिवाळा घाम गाळला होता, आणि मी झाडाखाली उभा राहून इतरांच्या फेऱ्या मोजत होतो. ते अजून सलतं.

फोम बसवणं जिकिरीचं आहे, पण बीडलॉक रिम (टायरची कड बोल्टच्या कडीनं आवळून धरणारी) असेल तर घरी जमतं. बाहेरची कडी काढायची, टायरमध्ये आतून घर्षण कमी करणारी जेल फासायची, फोम दाबून बसवायचा, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे. एकाच बाजूनं आवळत गेलात तर कडी तिरकी बसते. पहिल्या फेरफटक्यानंतर बोल्ट पुन्हा तपासा. जेलमध्ये हात आखडता घेऊ नका, ती कमी पडली की फोम आतून घासून तापतो आणि त्याचा भुगा होतो.

मोटोक्रॉसच, म्हणजे मातीच्या आखलेल्या छोट्या ट्रॅकवरच्या शर्यती खेळणार असाल, तर माझ्या मते हवा पुरे. गवताळ शेतातल्या एखाद-दुसऱ्या शर्यतीलाही पुरे. खुंट आणि दगड असतील तर मी पुन्हा हवेकडे जाईन असं वाटत नाही, निदान मागच्या चाकांसाठी तरी. पुढच्या दोन्हीत अजून हवाच आहे, हँडलचा तो हलकेपणा सोडवत नाही. त्यांच्यासाठी पंक्चरची पिशवी कंबरेला बांधतो. या हंगामात तीन शर्यती झाल्या, तिची चेन अजून उघडलेली नाही.