कोर्टाची तारीख की मध्यस्थाचं टेबल?

रावेरकडच्या केळी बागाईतदाराचे व्यापाऱ्याकडे चार लाख अडकलेत असं धरा. वाद एवढाच: बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव माल कापला त्या दिवशीचा धरायचा की गाडी भरली त्या दिवशीचा?

दावा लावला की कोर्ट फी, वकील, तारखा. निकाल एकाच्या बाजूने लागतो, दुसरा अपिलात जातो. शिवाय तीन लाखांवरच्या अशा व्यापारी वादात तातडीचा हुकूम नको असेल, तर 2015च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याचं कलम 12-अ आधी मध्यस्थीलाच पाठवतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ही अट बंधनकारक ठरवली. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

मध्यस्थ निकाल देत नाही. लोक इथेच गफलत करतात, त्याला लवाद, म्हणजे दोघांना बांधणारा निवाडा देणारा पंच, समजतात. तो आधी दोघांना समोरासमोर बसवतो, मग एकेकाला वेगळं. त्या बंद खोलीत व्यापारी हळूच कबूल करतो, "दिल्लीच्या पार्टीने माझेच पैसे थकवलेत, भाऊ." त्याच्या परवानगीशिवाय हे बाहेर जात नाही. मग तीन हप्ते ठरतात, पुढच्या बागेचा मालही त्यालाच. कोर्ट असं काही लिहून देत नाही. कलम 12-अ खालच्या सहीच्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं, तोंडी शब्दावर भागत नाही.

भाऊबंदकीत तर मी आधी मध्यस्थीच सुचवेन. कोर्ट वाटे पाडतं. विहिरीची पाळी आणि आईचा दवाखाना कोण बघणार, हे टेबलावरच सुटतं.

पण भाऊ गुपचूप शेत विकायला निघाला असेल, तर चहा पीत बसू नका. आधी मनाई हुकूम आणा.